तिसऱ्या प्रकरणापाशी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे एक चिंचोळी खोली होती. दारावर ‘लेखन व करिअर मार्गदर्शन’ अशी पाटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कॉमाताई. खरं नाव कुणी घेतच नसे. प्रबंध हातात आला की त्या आधी स्वल्पविरामांवर तुटून पडत, म्हणून पोरांनी हे नाव चिकटवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एम.ए.ची, पीएच.डी.ची मुलं त्यांच्याकडे येत. कुणाचा निष्कर्ष प्रस्तावनेतच सांडलेला असे, तर कुणाच्या अर्जात स्वतःचं इतकं कौतुक, की नोकरी देणाऱ्यालाच न्यूनगंड यावा. कॉमाताई खुणा करत, प्रश्न विचारत, पुन्हा लिहायला लावत. स्वतः एक ओळही लिहून द्यायची नाही, हा खात्याचा नियम. निघताना मात्र प्रत्येकाला एकच सांगत, “होईल रे. धीर धर.”

दरडवाल्यालाही त्यांनी तेच सांगितलं होतं, दर भेटीला.

डोंगरउतारावरच्या दरडी का कोसळतात, यावर त्याचा प्रबंध. पहिली दोन प्रकरणं झरझर झाली. मग त्याचे मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले, नव्यांनी तिसरं प्रकरण मुळापासून करायला सांगितलं आणि तिथेच घोडं अडलं. पहिला परिच्छेद तो दर वेळी नवा लिहून आणी. पुढे सगळं कोरं. शिष्यवृत्ती संपली, वसतिगृहाची खोली सोडायची नोटीस आली. एकदा कॉमाताईंनी त्याच्याकडून व्याख्यातापदाच्या मुलाखतीची तालीम करून घेतली. “स्वतःबद्दल सांगा,” एवढाच सोपा प्रश्न. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडला. त्यानंतर तो फिरकलाच नाही. फोन नुसता वाजत राही.

अशात एका सकाळी दारात एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. हातावर जपून धरलेला नवा कोट, शर्टाच्या खिशातून डोकावणारी मोजपट्टी.

“मॅडम, आमचे प्राध्यापक इथंच बसतात ना?” त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. दरडवाल्याचं!

कॉमाताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. गृहस्थ मात्र खुशीत होते. “झेरॉक्सच्या पलीकडची खोली, असंच सांगितलं होतं त्यानं. कामाचा व्याप फार, घरी यायला सवड नाही म्हणतो. म्हटलं, आपणच जावं. शिंपी आहे मी. आयुष्यभर लोकांचे कोट शिवले, हा पहिलाच घरचा.”

खरं सांगावं तर म्हाताऱ्याचा चेहरा बघवणार नाही, खोटं बोलावं तर ते निभवायचं कसं? “तासावर आहेत ते,” कॉमाताई बोलून गेल्या. “तुम्ही बसा काका, मी बोलावून आणते.”

मैदान ओलांडून त्या वसतिगृहाकडे अक्षरशः धावत सुटल्या. त्याच्या खोलीला आतून कडी होती.

“तुझे बाबा आलेत. उघड.”

मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला. “सांगा त्यांना, परिषदेला गेलोय.”

“एकदा खोटं बोलले मी. आता पुन्हा नाही बोलणार.”

“ताई, तुम्ही दर वेळी म्हणायचात, होईल. मला कळत होतं की होणार नाही. पण तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणायचात की मीही घरी तसंच सांगायला लागलो. आधी म्हटलं, होत आलंय. मग म्हटलं, झालं. मग आईनं नोकरीचं विचारलं…” आवाज तुटला. “त्यांनी मला असं बघण्यापेक्षा मी नसलेलाच बरा.”

कॉमाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. वॉचमनला त्यांनी हातोडी आणायला पिटाळलं आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या. इतक्या मुलांना वाक्यं जुळवायला शिकवलेली बाई, पण ‘होईल’ सोडून एक धड शब्द जिभेवर येईना. आणि ‘होईल’ आता म्हणवत नव्हतं.

मागून धापा टाकत शिंपीकाका आले. पोरांची खडानखडा खबर असलेल्या झेरॉक्सवाल्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. ते भिंतीला टेकले. “गल्लीभर सांगत फिरलो मी,” ते दाराकडे बघत म्हणाले. “तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस रे.”



कॉमाताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. “काका, आत्ता हे नको. आधी दार उघडू दे. काहीही करा, पण दार उघडायला लावा.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते समजले. चेहऱ्यावरचा राग सगळा उतरला, नुसती भीती उरली. ते दाराला तोंड लावून म्हणाले, “बाळा, कोट जुन्या मापानं शिवलाय. उघड. बघू दे किती वाळलास.”

कडी निघाली. पडदे ओढलेले, कागदांचा खच, आंबट वास, आणि मधोमध दाढी वाढलेला तो. काकांनी खिशातली मोजपट्टी काढली आणि त्याच्या छातीभोवती गुंडाळली. हातांना दुसरं काही सुचतच नव्हतं. माप काही घेतलं गेलं नाही. पट्टी तशीच धरून बापच आधी रडला.

ते त्याला घरी घेऊन गेले. मुदतवाढीचा अर्ज कॉमाताईंनी नियम धाब्यावर बसवून स्वतः लिहिला, त्याची फक्त सही घेतली. अर्ज नामंजूर झाला, नोंदणी रद्द झाली. गल्ली हसली. आई कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो दुकानात बसून बटणं लावी, डॉक्टरांच्या गोळ्या घेई. पुढे घाटरस्त्याच्या पाहणीचं काम मिळालं, तेही हंगामी. कॉमाताईंनी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, “बरा नाहीये ताई. पण जेवतो.”

त्या दिवसापासून कॉमाताईंनी ‘होईल’ म्हणणं सोडलं. मुलं म्हणू लागली, बाई फार कोरड्या झाल्या. प्रबंध उघडायच्या आधी त्या आता विचारतात, “घरी काय सांगितलंयस?” वरिष्ठांनी समज दिली की हे आपलं काम नव्हे. त्यांनी मान डोलावली आणि विचारत राहिल्या.

बहुतेक मुलं हसतात. परवा एक मुलगी मात्र पटकन म्हणाली, “सगळं व्यवस्थित चाललंय म्हणून सांगितलंय,” आणि बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत बसली. कॉमाताई उठल्या, दार लोटून घेतलं आणि आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, तिच्या शेजारी आणली. पुढे काय बोलायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.