पडद्यामागची बाजू

आमच्या गावात पिक्चर बघून आलेल्या माणसाने तो सांगायचा असतो. म्हणजे तशी रीतच होती. पुण्याला जाऊन बघितलेला असो, देहूरोडला डेपोजवळ बघितलेला असो किंवा जत्रेतल्या तंबूत, दुसऱ्या दिवशी ज्यांना जायला मिळालं नाही ती माणसं येऊन बसत आणि म्हणत, "सांगा आता." मग बघणाऱ्याने सुरुवातीपासून सांगायचं, गाणं आलं की निदान चाल तरी गुणगुणायची, आणि मधेच "पुढचं आठवत न्हाई" म्हणालं तर शिव्या खायच्या.

मी कॉलेजात जायला लागल्यावर हे काम आपोआप माझ्याकडे आलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळंच नीट सांगता येत असणार असा लोकांचा समज होता. खरं तर मी अडखळत सांगत असे. चांगलं सांगायचा तो माझा मित्र, जो देहूरोडच्या डेपोत कामाला होता. तो आणि मी चिंचवडला एकाच वेळी स्टेशनवर यायचो, त्याची गाडी लोणावळ्याकडे, माझी पुण्याकडे. गाड्या येईपर्यंत बाकावर आमचा वाद चालायचा. पिंपरीच्या कॅम्पातला एक सिंधी मुलगाही कधी कधी असायचा. तो माझ्याच वर्गात होता आणि ह्या वादासाठी पिंपरीहून पायी चिंचवडला येऊन गाडी पकडायचा.

त्या वर्षी जत्रेत तंबूवाल्याने जो पिक्चर आणला होता, त्यावरून पहिल्याच सकाळी बाकावर भांडण पेटलं.

"व्हिलन चांगला होता, राव," डेपोवाला म्हणाला. "हिरो म्हणजे नुसता भिजलेला बोळा."

"तुला मारामारीच पाहिजे," सिंधी मुलगा म्हणाला. "गाणी बघ ना. बैलगाडीतलं गाणं. मी तर तेवढ्यासाठी परत जाणार आहे."

"गाण्यात बाई इतकी हसते कशाला? नवऱ्याघरी चालली आहे का जत्रेला?"

"तू लग्न कर, मग कळेल."

मी म्हणालो की मला शेवट पटला नाही, सगळे इतक्या लवकर कसे समजूतदार झाले? त्यावर दोघेही माझ्याकडे बघून हसले. "प्रोफेसर बोलले," डेपोवाला म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "ते सोड. तुझ्या आत्याचं ऐकलंस का?"

मी ऐकलं होतं. रात्रभर झोप लागली नव्हती, ती त्यामुळेच.

माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा चार-पाच वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत काम मिळतंय म्हणून गेला होता. सुरुवातीला गावाकडची माणसं भेटत, निरोप आणत. मग निरोप थांबले. ज्या खोलीत तो राहायचा तिथल्या माणसांनाही तो कुठे गेला ते सांगता येईना. त्याची बायको, माझी वहिनी, आत्याजवळच राहिली. शेतातलं सगळं तीच करायची. माझ्यापेक्षा ती दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. शेवटी भावकीने ठरवलं की आता तो काही येत नाही, पोरीचा जन्म कशाला वाया घालवायचा. मावळातल्या तिच्या माहेराकडे एक बिजवर होता, चांगला माणूस. तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला आत्याही हो म्हणाली होती. जत्रा झाली की वहिनीचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता.

आणि जत्रेच्या पहिल्या दिवशी आत्याने मुलाला पिक्चरमध्ये बघितलं.

ते त्याच बैलगाडीच्या गाण्यात होतं. गाडी शेताच्या कडेने चालली आहे, नायिका गात आहे, आणि मागे जोंधळ्याच्या शेतात पाखरं राखायच्या माळ्यावर एक माणूस उभा आहे. तो गोफण फिरवतो, दगड सोडतो, आणि गाडीकडे एकदा वळून बघतो. बस. एवढंच. त्याचं पिक्चरमध्ये दुसरं काही काम नाही. आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्यापैकी कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

माझा आतेभाऊ डावरा होता. जेवताना आत्याने मारून मारून त्याला उजव्या हाताची सवय लावली होती, पण गोफण तो डाव्यानेच फिरवायचा, आणि सगळ्या शिवारात तशी फिरवणारा तो एकटाच होता. आत्या सांगत होती की माळ्यावरच्या माणसाची गोफण डाव्या हातात होती. तिच्या शेजारी बसलेल्या बायकाही तेच सांगत होत्या. "उंची तीच, वळून बघायची तऱ्हा तीच, आन हात डावा. अजून काय पायजे?"

"मी काल रात्रीच्या खेळाला मुद्दाम दुसऱ्यांदा बघितलं," डेपोवाला म्हणाला. "उजवा हात आहे."

"मग आत्या खोटं बोलते?"

"मी कुठं तसं म्हणालो?"

सिंधी मुलगा दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या तंबूत बायका कुठे बसतात?"

तंबूत पडदा मधोमध असायचा, पुरुष मशीनच्या बाजूला आणि बायका पडद्याच्या पलीकडे. कापड पाण्याने ओलं करत, म्हणजे चित्र आरपार उमटायचं. मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, आरशात दिसतं तसं. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. इतकी वर्षं त्याच तंबूत बसून हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते आठवायचं काही कारणच पडलं नव्हतं.

माझी गाडी आली. त्या दिवशी कॉलेजात माझं कशात लक्ष लागलं नाही. मला तो आतेभाऊ लहानपणापासून ठाऊक होता, मी त्याच्या खांद्यावर बसून नदीवर गेलो होतो. पण त्याचा चेहरा आठवायला गेलो की आता तो माळ्यावरचा माणूसच दिसायचा. डोळे मिटले की तो वळून बघायचा, आणि खरा चेहरा त्याच्यामागे कुठे तरी राहून जायचा. घरात त्याचा फोटो नव्हता. आमच्याकडे फोटो काढणार कोण?

संध्याकाळी मी आत्याकडे गेलो. ती चुलीपुढे होती आणि वहिनी बाहेर गुरांना वैरण टाकत होती. आत्याने विचारायच्या आधीच मी बोलेन असं ठरवलं होतं, पण तिनेच विचारलं.

"तू पुढं बसला व्हतास. कोणता हात?"

"उजवा, आत्या."

"तुझं ध्यान त्या बाईच्या गाण्यात आसंल."

मी धीर करून म्हणालो, "आत्या, पडद्याच्या मागून उलटं दिसतं."

तिने लाकूड आत सारलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. "मला सांगतोस व्हय?" ती म्हणाली. "बायांचे पदर सगळे उलट्या खांद्यावर दिसत्यात. ते मी मनातल्या मनात सरळ करून घेते. ह्यो येकच मला सरळ करायचा न्हाई."

म्हणजे तिला माहीत होतं. मग तिच्याबरोबरच्या त्या सगळ्या बायकांनाही माहीत असणार. त्या रोज उलटे पदर सरळ करत होत्या, आणि हा एक हात मात्र कुणीच सरळ करत नव्हतं.

"पोर कुटं जात न्हाई आता," आत्या म्हणाली. "माझा ल्योक जित्ता हाय. तिच्या भावाला आल्यापावली परत पाठवणार मी."

वहिनी दारात उभी होती. तिने ऐकलं असणार. ती आत आली नाही.

मी निघालो तेव्हा ती गोठ्याच्या कडेला थांबली होती. "भावजी," ती म्हणाली, "उद्या शेवटचा खेळ. मला पुढं बसायचंय."

"पुढं पुरुष असतात, वहिनी."

"म्हणून तर तुमाला सांगते."

तो गेल्यापासून ती कुठल्याच खेळाला गेली नव्हती. जत्रेलासुद्धा देवाला नारळ देऊन परत यायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आणि डेपोवाला तिला मधे घेऊन तंबूत शिरलो. आत्या वहिनीला म्हणाली होती की मी घर राखते, तू बघून ये. तिला कसली भीती वाटत होती ते मला तेव्हा नीट समजलं नाही. आम्ही पुढच्या बाजूला बसल्यावर दोन-चार जणांनी वळून बघितलं, कुणी तरी खाकरलं. डेपोवाला मोठ्याने म्हणाला, "काय राव, कधी माणूस बघितलं न्हाई का?" मग कुणी बघितलं नाही. वहिनीने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

पिक्चर सुरू झाला. ओल्या कापडाचा वास येत होता. मला गोष्ट पाठ होती, त्यामुळे मी नुसता वाट बघत होतो. नायिकेचं लग्न ठरतं, तिची पाठवणी होते, आई रडते. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज. गाडी रस्त्याला लागते. नायिका गायला लागते. मी वहिनीकडे बघितलं नाही, बघवेना.

गाडी शेताच्या कडेला आली, आणि पडद्यावर एक पांढरा झटका बसला. खर्रकन आवाज झाला. पुढच्या क्षणाला गाडी सासरच्या वेशीपाशी उभी होती आणि म्हातारा सासरा खोकत होता.

"अरे, गाणं खाल्लं की!" मागून कुणी तरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या. "पैसे परत द्या!" मशीनवाल्याने ओरडून सांगितलं की दुपारच्या खेळाला पट्टी तुटली होती, तेवढा तुकडा काढून जोडावा लागला. लोक थोडा वेळ बोंबलले आणि गप्प झाले.

शेत नव्हतं. माळा नव्हता. तो माणूस आता त्या पिक्चरमध्ये कुठेच नव्हता. तंबू उद्या उठणार होता. पिक्चरवाल्यांना विचारायचं म्हटलं तर कुणाला विचारायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनी तशीच समोर बघत बसली. म्हाताऱ्याचं खोकणं झालं, नायिकेने माप ओलांडलं. मग ती उठली. आम्हीही उठलो. वाटेत डेपोवाला काही तरी बोलायचा प्रयत्न करत होता, "तसं पण ते गाणं..." असं म्हणून तो थांबला. कोपऱ्यावर तो त्याच्या घराकडे वळला. मी आणि वहिनी पुढे चालत राहिलो.

आत्या दारातच कंदील घेऊन उभी होती.

"दिसला?"

"दिसले," वहिनी म्हणाली.

मी मान वर केली. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही.

"कोणता हात?" आत्याने विचारलं.

"हाताकडं न्हाई बघितलं मी. तोंड बघितलं. त्येच व्हते."

आत्याने कंदील खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून ती हळूच उंबऱ्यावर बसली. तिच्या तोंडावर जे आलं होतं त्याला आनंद म्हणावं का, मला ठाऊक नाही. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"जित्ते हायेत, आत्याबाई," ती म्हणाली. "चांगले हिंडतेत, फिरतेत. गाडीकडं वळून बघतेत. जित्ते असून घरला आले न्हाईत. मग मी कुणासाठी थांबू, तुमीच सांगा."

आत गाय हलली. ती खोटं बोलते आहे हे मला माहीत होतं, पण ते निव्वळ खोटं आहे असंही मला म्हणवत नव्हतं. तिने समोर बघताना काय बघितलं ते मला कुठे माहीत होतं? त्या दिवशी पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, तुटलेला तुकडा सगळ्यांनी बघितला होता. पण आत्यापर्यंत ते कुणी पोचवलं असं नंतरही कधी माझ्या कानावर आलं नाही.

सकाळी वहिनीचा भाऊ गाडी घेऊन आला. भावकीतली दोन माणसं येऊन बसली. नवरा मेला असं धरून पाट लावायचा असं आधी ठरलं होतं. आत्या म्हणाली, "तसं न्हाई. काडी मोडायची." आमच्याकडे नवरा जिवंत असून बायकोला सोडतो तेव्हा चारचौघांत गवताची काडी मोडून तिच्या हातात देतो, मग ती मोकळी. मोडायची नवऱ्यानेच. भावकीतला म्हातारा म्हणाला, "अगं, त्यो कुटं हाय हितं?"

"त्याची आय हाय," आत्या म्हणाली. "मी मोडते. मेलेल्याची काडी मोडत न्हाईत."

तिने छपराची एक काडी ओढली आणि मोडली. वहिनीने दोन्ही तुकडे ओंजळीत घेतले आणि वाकून तिच्या पाया पडली. मग गाडी गेली. मी स्टेशनला गेलो नाही त्या दिवशी.

त्यानंतर मी पुण्यात पुष्कळ पिक्चर बघितले. सुट्टीत आलो की आत्याकडे जाऊन सांगतोही. ती पूर्वी नायिकेचं काय झालं, सासू कशी होती, असं विचारायची. आता ती सगळं ऐकून घेते आणि शेवटी एवढंच विचारते, "त्यो दिसला का?" आणि मीही हल्ली थिएटरात बसलो की गाणं चालू असताना रस्त्याच्या कडेच्या माणसांकडेच बघत असतो, त्यामुळे मला तिला खरं सांगता येतं.

"ह्या पिक्चरमध्ये नव्हता, आत्या."

"आसंल," ती म्हणते. "दुसऱ्या कुठल्या तरी पिक्चरमधी आसंल."