सचिवांनी सचिवांना समज दिली

माझे सासरे आमच्या इमारतीचे सचिव. निवृत्तीनंतर तेच त्यांचं ऑफिस आणि तेच औषध. सभेचं इतिवृत्त लिहावं तर त्यांनीच: ‘एका सदस्याने वरून कचरा टाकला. दुसऱ्याने त्यास समज दिली. त्यावर तो निघून गेला.’ कोण गेला, भिंतींना विचारा. प्रत्यक्षात त्या दिवशी चप्पल भिरकावली गेली होती.

नव्या अध्यक्षीणबाई कडक. म्हणाल्या, "काका, हा ‘तो’ कोण आणि ‘दुसरा’ कोण? वार्षिक सभेपर्यंत सगळ्या इतिवृत्तांत नावं घाला. नाहीतर सचिव बदलू."

सासरे, म्हणजे आमचे बाबा, त्या रात्री जेवले नाहीत. पद गेलं तर हा माणूस दिवसभर माझ्या ओट्याशी उभा राहून सल्ले देणार, या विचाराने माझीही भूक मेली. नावं विचारली तर म्हणाले, "आठवत नाहीत." साफ खोटं! त्यांना चपलेचा नंबरसुद्धा ठाऊक होता.

माझा धंदाच संगणकाशी डोकं फोडण्याचा. ओपन सोर्स, म्हणजे कुणीतरी लिहून जगाला फुकट वाटलेला एक प्रोग्रॅम मला सापडला. मजकुरातला ‘तो’, ‘दुसऱ्याने’, ‘एका सदस्याने’ म्हणजे नेमकं कोण हे हुडकून तिथे त्या माणसाला बसवायचं, एवढंच त्याचं काम. मराठी त्याला जेमतेम येत होती. मी सगळी इतिवृत्तं त्यात घातली, छापली आणि न वाचताच अध्यक्षीणबाईंच्या हातात दिली. अति घाई संकटात नेई.

पार्किंगमध्ये सभा भरली. बाई मोठ्याने वाचू लागल्या, "सचिवांनी वरून कचरा टाकला. सचिवांनी सचिवांना समज दिली. त्यावर सचिव निघून गेले. सचिवांनी सचिवांची समजूत काढून परत आणले..."

अख्ख्या मजकुरात ओळख पटावी असा माणूस एकच, खाली सही करणारा सचिव. प्रोग्रॅमने साऱ्या इमारतीची पापं त्याच्या माथी मारली होती. लोक पोट धरून हसत होते. बाबांचे कान लाल झाले होते.

"अहो, काका कशाला कचरा टाकतील?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई हसता हसता बोलून गेल्या. "तो मी टाकला होता!" आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर त्यांच्याशी कित्येक महिने बोलत नव्हते. ते उठले. "चप्पल माझी होती. जरा जास्तच झालं."

मग रांगच लागली. गच्चीची किल्ली लपवणारे, पाण्याची मोटर चालू ठेवून गावाला जाणारे, जो तो आपला गुन्हा बाबांकडून परत मागू लागला.

"लिहा काका, आता तरी नावं लिहा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांनी सांगितलं ना? मग कशाला? बोललेलं माणूस विसरतो, लिहिलेलं राहतं. आणि आपल्याला रोज एकाच जिन्याने चढायचंय."

मी त्यांना आजवर घाबरट समजत होते. मला माझीच लाज वाटली.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "मग सचिव कोण?"

"काकाच," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"माझं अनुमोदन," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना बसायला शिक्षिकाबाईंनी आपल्या शेजारची खुर्ची सरकवली.