घोडीचं पथ्य

आमच्याकडे बारसं असो की साखरपुडा, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "काकी, तो घोडीच्या खाण्याचा किस्सा सांगा ना." मी सांगते. लोक हसतात. पण मी दरवेळी दुकानापाशी थांबते. पुढचं पाहुण्यांसमोर कधी सांगितलं नाही. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

लग्न होऊन तळवलीला आले तेव्हा सासऱ्यांकडे एक पांढरी घोडी होती. आधी ती टांगा ओढायची. रिक्षा आल्या, टांगा बंद पडला, मग लग्नसराईत नवरदेव मिरवण्यापुरतीच ती बाहेर पडायची. काम गेलं आणि खुराक तेवढाच राहिला: भिजवलेला हरभरा, कोंडा, वर गूळ. शेत नव्या शहरासाठी सरकारनं घेतल्यापासून सासऱ्यांचंही तेच झालं होतं, पण हे बोलायची नव्या सुनेची टाप नव्हती.

ऐंशीच्या पुढचं एखादं वर्ष असेल. एका सकाळी घोडी जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळं अंग मागे रेलून उभी. खुराला हात लावला तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा लागला.

गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "चरबी चढलीय हिला. गोड खाणं खुरांवर उतरलंय. हरभरा बंद, गूळ बंद. जुनं सुकं गवत तासभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मगच घाला. गवतातसुद्धा साखर असते." शिवाय क्षारांची एक पावडर, रोज मूठभर ओल्या भुशातून. जाताना सासऱ्यांना म्हणाले, "पथ्य मोडलं तर ही परत उभी राहायची नाही."

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत होती. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून घोडीचं खाणं माझ्याकडे आलं. मला केवढा अभिमान! रोज सकाळी गवत भिजवायचं, चहासारखं पिवळं पाणी ओतून द्यायचं आणि सासूबाईंना ऐकवायचं, "बघा आई, किती साखर निघाली."

पावडर कालवायला भुसा हवा म्हणून मी वाशीच्या बाजारात गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, घोडे आवडीनं खातात." आवडीनं म्हटल्यावर मला संशय आला. पोत्यात हात घातला, चिमूटभर उचललं आणि तोंडात टाकलं. गोड. उसाची मळी घातलेलं. दुसऱ्या पोत्यातलं खाल्लं, तेही गोड. दुकानात ही गर्दी जमली.

"वहिनी, मीठ बरोबर आहे ना?" दुकानदारानं विचारलं.

"जरा कमी वाटतंय," मी म्हटलं आणि तिसऱ्या पोत्याकडे वळले. ते मात्र तूस चावल्यासारखं लागलं. म्हटलं, "हेच द्या."

किस्सा इथपर्यंत.

दोन आठवड्यांत घोडी सुधारली. अंगणात चार पावलं टाकू लागली. सासरे रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचे. मग तिनं पावडरीचा भुसा खायचं सोडलं. तोंड लावायची, फुरफुरायची, मान वळवायची. माझ्या माहेरी पोरांना कडू औषध गुळाच्या खड्यात दडवून देत. मीही तेच केलं. बोराएवढा गूळ, त्यात पावडर. औषधाचा गूळ तो काही खायचा गूळ नव्हे, असं मी स्वतःला पटवलं. उपवासाला साबुदाणा चालतो, तसं. ती माझ्या तळहातावरून अलगद उचलायची. पुढे ती माझी वाटच बघू लागली आणि बोराचं लिंबू कधी झालं ते मला कळलं नाही. खोटं कशाला बोलू, कळत होतं.

तीन आठवड्यांनी खूर पुन्हा तापले.

सासरे ओटीवर येऊन उभे राहिले. "हिला गोड कोन घालतंय?"

 ते सासूबाईंकडे वळले. "तूच गो. तुझाच हात सैल हाय."

"मी नाय घातला. पोरांची शपत."

"मंग काय ती सून घालील? ती चिठ्ठी वाचून खायाला देते."

मी भाकरी थापत होते. आता सांगते, ही भाकरी झाली की सांगते, असं म्हणत मी सगळी परात संपवली. दुसऱ्या दिवशी भांडी होती. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. मला कामाची एवढी हौस आधी कधी नव्हती. सासरे सासूबाईंशी बोलायचे बंद झाले. ताटसुद्धा माझ्याकडे मागू लागले. चौथ्या सकाळी घोडी बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आले, बघून मान हलवली. घोडी गेल्यावर सांगून काय उपयोग, असं मी ठरवलं. मला सोयीचं तेच मी ठरवते. सासरे पुढे सहा वर्षं जगले. सासूबाईंशी बोलले, पण कामापुरतं.

पुढे आम्ही सीवूड्सला फ्लॅटमध्ये आलो. रिकाम्या दुपारी मला शेजारच्या खोलीतून जड अंगाच्या जनावरानं पाय बदलल्यासारखा आवाज यायचा. जाऊन बघावं तर सासूबाई पलंगावर बसलेल्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांना विसर पडू लागला होता. एकदा म्हणाल्या, "बाय, घोरीला गूल मीच घातला गो."

मी हातातला कप खाली ठेवला. "नाही आई. तुम्ही नाही. मी घातला."

"तू कशाला घालशील?"

"खरंच सांगते. पावडर खात नव्हती म्हणून."

त्यांनी बराच विचार केला. "नाय गो. म्हातारा बोलला ना. तो काय उगाच बोलंल?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं, पावडर, तळहात, लिंबाएवढा खडा, सगळं. आठवडाभर रोज सांगितलं. शेवटी एका दुपारी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझी चूक आंगावर घेतंस. गुनाची हायस गो तू."

त्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं.