आप्पा वकिलांची विहीर

आमच्या चाळीत आप्पा वकिलांना कुणी कसली मनाई केली, की ते आधी शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" आवाज मुळीच चढलेला नसे. गच्चीवर पापड वाळत घालू नका, असं सांगायला आलेल्या घरमालकाच्या मेहताजींना त्यांनी हे विचारलं, आणि उपास मध्येच सोडता येणार नाही म्हणणाऱ्या भटजींनाही. मेहताजी गडबडले. भटजी म्हणाले, "तुमच्या आईने." आप्पांनी उपास पूर्ण केला.

मुलांनो, तुमच्या तिकडे स्वतःच्या अंगणात बोअर मारायलाही परवानगी लागते, असं परवा तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हापासून आप्पा डोक्यात आहेत. लालबागची ती चाळ आता नाही. आप्पाही नाहीत. लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला माहीत असेल.

ते तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी राहत. भाड्याचे, कामावरून काढल्याचे, असे खटले चालवत. अशील सगळे गिरणीतले. संप सुरू झाला, लांबला, आणि संपला असं कुणी न सांगताच गिरण्या बंद राहिल्या. तुमचे आजोबा गिरणीच्या ऑफिसात होते. ते पुढेही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसत. 

टोकाच्या खोलीतल्या शेवंतामावशींचा नवराही असाच घरी बसला होता. मावशी परळच्या इस्पितळांत काम करणाऱ्यांना डबे देत. त्या डब्यांवर त्यांचं घर चाले. नळाचं पाणी पहाटे थोडा वेळ येई आणि वर चढत नसे. ते स्वयंपाकाला जाई. डबे आणि टोप अंगणातल्या विहिरीवर घासले जात. विहीर होती म्हणून डबे होते.

सरकारच्या पाणी खात्याने नियम काढला की शहरातल्या विहिरींचं पाणी परवान्याशिवाय उपसायचं नाही, आणि अशा विहिरींवर झाकणं घालायची. परवाना घरमालकाने काढायचा, आणि आमच्या घरमालकाला त्यात रस नव्हता. डास होतात, जमिनीखालचं पाणी खाली चाललंय, अशी कारणं दिली होती. ती खोटी नव्हती. मावशी नोटीस घेऊन आप्पांकडे आल्या, तेव्हा मी तिथेच होते.

"मावशी, नियम चांगला की वाईट, ते मी बघतच नाही," आप्पा म्हणाले. "ज्या कायद्याखाली हा केलाय, तोच कायदा सांगतो, आधी मसुदा लोकांपुढे ठेवा, हरकती ऐका, मग नियम करा. यांनी कुणाला विचारलंच नाही. म्हणजे नियम झालाच नाही."

"वकिलांनू, झालो नाय, तर झाकण कित्याक येता?"

"तेच कोर्टात विचारू."

त्यांनी विचारलं. कोर्टाने आप्पांचं म्हणणं मान्य केलं आणि नियम रद्द ठरवला. चाळीने पेढे वाटले. मावशींनी आणखी डबे धरले. अंगणात सगळ्यांसमोर आप्पा म्हणाले, "यापुढे त्यांना आपल्याला विचारावंच लागेल." ते कधी भाषण करत नसत. एवढंच बोलले आणि वर गेले.

मग गणपती आले. आमची चाळ सगळी कोकणातली, गणपतीला खोल्यांना कुलपं लागतच. पण पूर्वी रजा संपली की माणसं परतत. आता रजा कसली? गिरणीचा भोंगाच नव्हता. गौरी गेल्या, पितृपक्ष गेला, नवरात्र झालं, तरी कुणी गावाहून हललं नाही. भातकापणी उरकूनच जाऊ, असं घरोघर ठरलं. आप्पांच्या अशिलांनी खटले सोडून दिले होते, त्यामुळे आप्पाही गावी भावाकडे राहिले. आम्हीही सासरी राहिलो, आणि मावशींनीही डब्यांना तेवढे दिवस सुट्टी दिली. सगळ्यांना बरं वाटत होतं.

परतलो, त्याच आठवड्यात खात्याचा अधिकारी गवंडी आणि काँक्रीटची लादी घेऊन आला. आप्पा खाली गेले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. अधिकारी तरुण होता, अदबीने वागला. त्याने कागद पुढे केले. नियम तोच होता, पण या वेळी आधी मसुदा राजपत्रात आला होता. वर्तमानपत्रांत सूचना आली होती. वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावली होती. हरकतींसाठी महिन्याची मुदत दिली होती. ती आम्ही गावी असताना सुरू झाली आणि गावी असतानाच संपली.

"आमच्या चाळीतून काही गेलं नाही?" आप्पांनी विचारलं.

"कुठूनच नाही, साहेब. आम्ही वाट पाहिली."

आप्पांनी कागद दुसऱ्यांदा वाचले, चष्मा काढला आणि मावशींना म्हणाले, "पोहरा काढून घ्या." मावशींनी काढला. दोर वर येईपर्यंत गवंडी थांबले.

संध्याकाळी मी म्हटलं, "आप्पा, पुन्हा कोर्टात जाऊ या."

"काय सांगू कोर्टाला, वहिनी? या वेळी त्यांनी सगळं बरोबर केलंय."

टँकर अधूनमधून येई. मावशींनी काही दिवस रात्रीचे डबे बंद ठेवले, मग दुपारचेही. दिवाळीनंतर त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि नवऱ्याला व मुलांना घेऊन गावी निघाल्या. किल्ली आमच्याकडे दिली. आप्पा दारात उभे होते. मावशींनी बोचकं खाली ठेवलं.

"वकिलांनू, एक इचारू? हरकत म्हणजे काय लिवचा असता?"

"तुम्हाला पाणी कशाला लागतं, ते."

"तेवढाच?"

"तेवढंच."

मावशींनी मान हलवली, बोचकं उचललं आणि त्या जिना उतरल्या. मी आत जाऊन कुकर लावला.