खिडकीजवळची खुर्ची

आमच्या महाविद्यालयाचा पदव्युत्तर व संशोधन कक्ष म्हणजे वाचनालयामागची, चिकूच्या वाडीला लागून असलेली एक खोली. दारावरची पाटी एवढी लांब की ती वाचून होईपर्यंत आतलं काम उरकतं, असं आम्ही म्हणायचो. आत दोन कपाटं, एक टेबल, सात खुर्च्या आणि चंद्राताई तामोरे.

एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या कुणाचं काहीही अडलं की तो या खोलीत यायचा. नोंदणी रखडली, शिष्यवृत्ती अडकली, सहामाही प्रगती अहवाल लिहायचाय पण प्रगती झालेली नाही, अशी नाना दुखणी. आम्हा प्राध्यापकांची गतही तीच. कुणाला मार्गदर्शक म्हणून मान्यता हवी, तर कुणाचा बाहेरगावचा परीक्षक वाणगावलाच उतरून "तुमचं कॉलेज कुठं दिसत नाही हो" म्हणून फोन करतोय. ताई आधी चहा सांगत, मग फोन उचलत. परीक्षक सापडायचा. मान्यताही यथावकाश सापडायची.

ताई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या. यजमान नारूभाऊंची होडी. त्यामुळे आमच्या कार्यालयाच्या टेबलावर काचेखाली देवाच्या तसबिरीऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टक असे. प्राचार्यांची सही आणायला जायचं ते भरतीच्या वेळी, हा ताईंचा नियम. "ओहोटीला माणसाचं मन मागं मागं जातं. 'उद्या बघू' म्हणतो." भौतिकशास्त्रवाले हसायचे. हसून झालं की फाइल काखेत मारून हळूच विचारायचे, "ताई, पाणी कसं आहे आत्ता?"

त्यांचा दुसरा नियम मात्र आम्हाला फार महागात पडला.

ताईंच्या सासरी होडी समुद्रावर असली की घरच्या पुरुषाचा जेवायचा पाट उचलत नाहीत. तो जिथं असेल तिथंच राहतो, आणि त्यावर दुसरं कुणी बसत नाही. पाट उचलला म्हणजे जणू 'आता नाही आलास तरी चालेल' असं सांगितलं. एकदा नारूभाऊंच्या पाटावर मांजर झोपलं. सासूबाईंनी त्याला हाकललं नाही; हाकलणंही अशुभच. वाटीभर दूध दाखवून, लाडीगोडी लावून त्याला उठवलं. तेव्हापासून ते मांजर होडी बाहेर पडायची वाटच बघत असतं म्हणे.

हा घरचा कायदा ताईंनी कार्यालयात लागू केला. विद्यार्थ्याचा प्रबंध विद्यापीठात तपासायला गेला की तो ज्या खुर्चीवर बसून खपला, ती खुर्ची प्रबंध परत येईपर्यंत रिकामी. विद्यापीठातून प्रबंध परत यायला काय वेळ लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आमची अवस्था कळेल. एक काळ असा आला की सातातल्या चार खुर्च्या समुद्रावर होत्या, आणि वरिष्ठ प्राध्यापक मंडळी कपाटाला टेकून चर्चा करत होती.

पण खिडकीजवळच्या खुर्चीची गोष्ट निराळी. तिचा प्रबंध कुठं गेलाच नव्हता. ती निलमची होती.

निलम तलासरीकडच्या एका पाड्यावरची. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सावे सरांकडे २०१४ साली तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय रानभाज्या. सकाळी जीपनं यायची आणि वाडीकडच्या खिडकीशी बसायची. खुर्ची जुनी, लाकडी, वेताच्या बैठकीची. एक पाय आखूड, म्हणून ताईंनी खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून दिलेली. दोघींचं मेतकूट असं जमलं की डबासुद्धा एकीचा दुसरीनंच खावा. निलमच्या डब्यात कुठला ना कुठला पाला असायचा.

"हे विषारी नाही ना गं?" ताई घास तोंडात घालून विचारायच्या.

"तिसऱ्या प्रकरणापर्यंत थांबा ताई, मग सांगते."

"तोवर मी जगते का बघू!"

मग २०१६च्या दिवाळीनंतर निलमचे वडील ताडावरून पडले आणि कंबरेतून बसले. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. निलम उंबरगावच्या एका कंपनीत लागली. जायच्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "पंधरा दिवसांत येते ताई. खुर्ची ठेवा माझी."

ताईंनी ठेवली.

पंधरवडे उलटले, वर्ष उलटलं. सुरुवातीला निलम फोन उचलायची, "येते ताई, पुढच्या महिन्यात." मग फोन नुसता वाजायला लागला. मग वाजेनासा झाला. सावे सर मऊ माणूस. ते नुसते "हुशार होती हो" म्हणायचे. ताई तडकायच्या. "होती काय? आहे! २०१९च्या जूनपर्यंत मुदत आहे तिची. मुदतवाढ मी दोनदा घेतलीय. दोन्ही वेळा भरतीला."

दुपारी काम सरलं की ताई खिडकीशी उभ्या राहत. वाडीपलीकडच्या रस्त्यावर तलासरीची जीप थांबायची. कोण कोण उतरतंय ते बघायच्या, आणि परत येऊन शिक्क्यांची शाई भरायला घ्यायच्या. शिक्के नुकतेच भरलेले असले तरी.

२०१८ साली विद्यापीठाची समिती आली. तीन सदस्य. दोघांना खुर्च्या मिळाल्या. तिसरे मराठवाड्याकडचे, देहानं भारदस्त, स्वभावानं लोण्यासारखे. ते खिडकीकडे वळले तशा ताई आडव्या आल्या.

"तिथं नको सर. त्या बाई बाहेर गेल्यात."

"असं का? येऊ द्या, येऊ द्या." आणि ते सद्गृहस्थ उभे राहिले. समितीनं कपाटं पाहिली, प्रबंध मोजले, चिकू खाल्ले. हे उभेच. शेवटी पाय बदलून म्हणाले, "बाईंना उशीर झाला का हो? जवळच गेल्यात ना?"

"तलासरीला."

"कधी गेल्या?"

"दोन हजार सोळात."

वाडीत चिकू पडल्याचा आवाज खोलीत ऐकू आला. प्राचार्यांनी डोळे मिटले. ताईंनी मात्र न अडखळता सगळं सांगितलं, पाटासकट, मांजरासकट. ते ऐकून घेताना सदस्य गंभीर झाले. मग कोपऱ्यातल्या जुन्या प्रबंधांच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "ज्यांचे परत आलेत त्यांच्यावर बसलेलं चालतं ना?"

भला माणूस. पण कधीकधी भल्या माणसाच्या हातूनच घोळ होतो. त्यांनी अहवालात अगदी कळकळीनं लिहिलं की या कक्षास आसनव्यवस्थेची तीव्र गरज आहे. मग २०१९च्या सुरुवातीला आमच्याकडे बारा नव्या खुर्च्या आल्या. गुबगुबीत, चाकांच्या, बसलं की माणूस आपोआप भिंतीपर्यंत जायचा. आणि नियमानुसार जुन्या सातही खुर्च्या निर्लेखित झाल्या, म्हणजे भंगारात.

ताई प्राचार्यांकडे गेल्या. भरती बघून गेल्या. पण प्राचार्यांचाही नाइलाज होता. "ताई, नवी ठेवा ना खिडकीजवळ. तिची म्हणूनच ठेवा."

"सर, पाट बदलला तर परतणाऱ्याला आपली जागा कशी ओळखू येणार?"

याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. शेवटी प्राचार्य म्हणाले की भंगारातली एक खुर्ची कुणी घरी नेली तर माझं लक्ष नाही.

त्या शनिवारी ताई खुर्चीसकट तलासरीच्या जीपपाशी उभ्या. सोबतीला सावे सर, आणि वजन उचलायला मी. जीपवाला मिथुन खुर्चीकडे बघत म्हणाला, "बेन, आनुं भाडुं? हिचंही भाडं पडेल, आख्खी सीट खाणार ही."

"टपावर टाक."

खुर्ची टपावर चढली. चारोटीपर्यंत जीप इतकी भरली की दोघं टपावर जाऊन बसले. ताईंनी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "ए, टपावर कुठंही बसा, खुर्चीवर नको!" वरून आवाज आला, "कोणाची हाय?" ताई म्हणाल्या, "मालकिणीला घ्यायलाच चाललोय." दोघं बिचारे पार तलासरी येईपर्यंत त्या मोकळ्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पालखीच्या भोयांसारखे उकिडवे.

निलम नुकतीच कंपनीतून आली होती. अंगणात हातपाय धूत होती. आम्हाला पाहिलं, मग खुर्ची पाहिली, आणि तांब्या हातातच राहिला.

"ताई, ही इथं कशी?"

"निर्लेखित झाली."

निलमनं ओला हात पदराला पुसला. "आणि मी?"

"तू नाही अजून. जून आहे ना."

ओटीवर तिचे वडील आडवे होते. ते कोपरावर उठत म्हणाले, "बाई, ती बसायची ती हीच काय? इतक्या लांब आणली!" ताई म्हणाल्या, "काय करणार काका, तुमची लेक काही केल्या येत नव्हती ना तिकडं."

निलमनं चहा केला. खुर्ची ओटीवर ठेवली तर डुगडुगली; पुठ्ठ्याची घडी कॉलेजातच राहिली होती. कुणीच तिच्यावर बसलं नाही. सावे सरांनी घसा खाकरून विचारलं, लिखाण किती उरलंय. निलम म्हणाली, "दोन प्रकरणं. पण सर, कंपनीतून आलं की अंगात काही उरत नाही." ताईंनी कप विसळून पालथा घातला.

निघताना निलमनं ताईंचा हात धरला. "मी येईन असं म्हणत नाही ताई. मागं म्हटलं आणि..."

"नको म्हणू," ताई म्हणाल्या. "खुर्ची आहे इथं. बघ."

परतीच्या वाटेवर ताई मान वळवून मागचा रस्ता बघत बसल्या.

मार्चमध्ये मिथुननं कार्यालयाच्या खिडकीतून एक पुडकं आत टाकलं. "तलासरीवालीनं दिलंय." आत चौथं प्रकरण होतं, पिवळ्या कागदांवर, हातानं लिहिलेलं. त्या दिवशी ताईंनी प्राचार्यांची सही ओहोटीलाच आणली. बहुधा कोष्टक बघायचं राहून गेलं. मग जीप आमचं टपाल झाली. सावे सर तांबड्या शाईनं रंगवलेले कागद पाठवायचे, उलट टपाली दुरुस्त्या यायच्या. टंकायला ताई, मजकूर वाचून दाखवायला मी. शुद्धलेखनावरून आमची भांडणं व्हायची. शेवटचं प्रकरण आलं ते शेवळं या रानभाजीच्या जुडीसकट. सावे सर खूश झाले, "नमुना पाठवलाय!" ताईंनी त्या नमुन्याची भाजी केली.

जूनच्या अखेरीस, मुदत संपत आली असताना, तलासरीची जीप वाडीपलीकडे थांबली आणि निलम उतरली. ताई खिडकीशीच होत्या. सह्या झाल्या, शिक्के बसले, प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाकडे जायला बांधल्या गेल्या.

"बस ना गं," ताई म्हणाल्या. एक नाही, बारा खुर्च्या होत्या. एक चाकाची त्यांनी खिडकीपर्यंत ढकलतसुद्धा नेली.

"बसते कुठं ताई, दुपारपाळी आहे." निलम हसली. "आणि माझी घरी आहे ना. निघताना बाबांना सांगून आलेय, प्रबंध बाहेर जातोय, कुणी बसायचं नाही."

ताई हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. इतकी वर्षं ज्या जागी तिला बसलेली बघायची होती ती जागा इथं होती, आणि खुर्ची तिकडे ओटीवर. पोरीनं सगळं पूर्ण केलं होतं. फक्त ती खिडकीशी परत बसणार नव्हती. कुणीच परत बसत नाही म्हणा. आमच्या कार्यालयाचं कामच माणसं पार लावून देण्याचं.

दारात निलम वळली. "डुगडुगते मात्र अजून. पुठ्ठा राहिला तुमच्याकडे."

पुठ्ठ्याची घडी खिडकीखाली तशीच पडली होती. ताई वाकल्या, तिला हात लावला, आणि पुन्हा सरळ झाल्या.

"मौखिक परीक्षेला येशील तेव्हा ने."

निलम जीपकडे पळाली. ताईंनी चाकाची खुर्ची मागे ओढून इतरांत लावली. संध्याकाळी झाडायला आलेल्या जमनाबाईंना म्हणाल्या, "खिडकीखालचा तो पुठ्ठा आहे ना, त्याच्या बाजूनं झाड."