मलम्याच्या नावाचा दगड

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. मलम्या जिवंत होता तोवर वर्गातल्या कोणी त्याला हिंग लावून विचारलं नव्हतं. तो लढाईत गेल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात त्याच्या बाकावर बसलेले इतके जण निघाले, की तो बाक होता की आगगाडीचा डबा, असं छिन्न्याला वाटलं.

छिन्न्याही त्याच वर्गातला. दगडावर नावं कोरणारा. शाळेमागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. मलम्या सुटीवर आला की तिथेच पांढरी भुकटी अंगावर घेत बसायचा. छिन्न्याचं बोट चेचलं तर आधी त्याला शिव्या घालायचा, मग बोट बांधायचा.

मलम्याची आई दवाखान्यात आया होती. तिथून आणलेली मलमाची डबी पोराच्या खिशात कायम असे. एकदा सिमेंटवाल्याच्या मुलाने त्याला बडवलं आणि बडवताना स्वतःच्याच मुठीचं सालपट काढून घेतलं. मलम्याने आपलं नाक पुसलं आणि त्याच्या मुठीला मलम लावलं. वर्ग खदाखदा हसला आणि नाव पडलं ते पडलंच.

पुढे सैन्यातही त्याला तेच काम मिळालं. गोळीबार चालू असताना सरपटत जायचं, जखमी माणसाला बांधायचं आणि ओढत मागे आणायचं. एका सुटीत तोच सिमेंटवाल्याचा मुलगा छिन्न्याच्या दुकानात आला. आता तो बापाच्या गादीवर बसून स्वतःच सिमेंटवाला झाला होता आणि गादीएवढाच रुंद झाला होता. किती मारले, असं त्याने विचारलं. एकही नाही, मलम्या म्हणाला.

"मग तिथं करतोस काय?"

"बांधतो."

"काय बांधतोस?"

"फुटलेलं असेल ते."

चहा संपेपर्यंत सिमेंटवाला हसत राहिला. बायकांचं काम करायला एवढ्या लांब कशाला जायचं, दवाखान्यात आईच्या जागेवर लागायचं होतं की, म्हणाला. मलम्याही हसला. त्याचं हे हसणं छिन्न्याला कधी आवडलं नाही.

आणि आता हाच सिमेंटवाला स्मारक समितीचा अध्यक्ष झाला. शाळेच्या दारात मलम्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. काय लिहायचं ते ठरायच्या आधी समितीची नावं कोणत्या क्रमाने घ्यायची यावर तीन बैठका झाल्या. ती खालच्या अर्ध्या भागात कोरून झाली, तेव्हा कुठे वरचा मजकूर आला. 'शत्रूशी लढता लढता धारातीर्थी पडला.'

छिन्न्याने तो वाचला आणि छिन्नी खाली ठेवली. मलम्या कसा गेला हे त्याला माहीत होतं. मलम्याच्या तुकडीतला एक शिपाई कुबड्या घेऊन त्याच्या आईला भेटायला आला होता, तेव्हा छिन्न्या तिथेच दाराशी बसला होता. मलम्याने आपली दोन माणसं मागे आणली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वाटेत पलीकडच्या सैन्यातला एक कोवळा पोरगा मांडीतून रक्त वाहत पडलेला दिसला. त्याला बांधत असताना तोफगोळा पडला. दोघंही गेले. एवढं सांगून शिपाई मान खाली घालून बसला होता. आईने विचारलं, "बांधून झालं होतं का?" झालं होतं, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.

हे छिन्न्याने अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांना ते आधीच कळलेलं होतं. म्हणून तर असा मजकूर, ते म्हणाले. शत्रूची सेवा करताना मेला असं शाळेच्या दारात लिहायचं? पोरं काय शिकतील? समितीतले मास्तर नाकाने कांदे सोलत म्हणाले, की खरं असलं तरी सगळंच काही दगडावर लिहीत नाहीत.

शेवटी आई स्वतः अध्यक्षांच्या दुकानात गेली. छिन्न्या सोबत होता. तिने मागितलं ते एवढंच होतं, की 'जखमी माणसाला बांधताना गेला' असं लिहा.

"शत्रू लिहा असं मीही म्हणत नाही," ती म्हणाली. "नुसतं माणूस लिहा."

"काकू, लोक विचारतील कुठला माणूस. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, पडदा तुमच्याच हातून ओढू. मजकुराचं आमच्यावर सोडा."

"मजकूर तुमचा. मग नाव माझं. ते मी ठेवलंय, ते काढा."

अध्यक्षांना हा रुसवा वाटला. दोन दिवसांत उतरेल, असं ते छिन्न्याच्या कानाशी म्हणाले.

तो उतरला नाही. कार्यक्रमाच्या सकाळी छिन्न्याने दगड हातगाडीवर घालून आणला. काकूंनी नाही म्हटलंय, वर काही कोरलेलं नाही, असं त्याने अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. अध्यक्ष फोनवर पाहुण्यांच्या गाडीची चौकशी करत होते. हो हो, लावून टाक, म्हणाले. छिन्न्याने लावून टाकला.

काकू पहिल्या रांगेत बसल्या, पण पडदा ओढायला उठल्या नाहीत. मग अध्यक्षांनीच ओढला. खाली समितीची नावं, काळा रंग भरलेली, ठसठशीत. वर कोरा दगड. तरी टाळ्या पडल्या, कारण टाळ्या वाजवायची सूचना आधीच दिलेली होती. पाहुणे चष्मा लावून पुढे वाकले आणि हे कोणाचं स्मारक, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलाचं," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तो कसा गेला ते लिहिलंत की नाव देते."

मास्तरांनी माईक हातात घेतला आणि परत ठेवला. काकू उठून घरी गेल्या आणि छिन्न्या त्यांच्यामागून गेला.

समिती आजही आहे. मजकूर बदलायला ती तयार नाही, आणि आपली नावं असलेला दगड काढायलाही कोणी तयार नाही. कोरा भाग वाईट दिसतो म्हणून अध्यक्षांनी तिथे स्वखर्चाने एक मोठं घड्याळ लावलं. ते चांगलं चालतं. पोरं त्याखाली उभी राहून शाळा सुटायला किती वेळ आहे ते बघतात.