गौरम्माची खोक्यातली गाजरं

गौरम्मा देगलूरकडची. रागावली की कानडीत बोलायची, बाजारात घासाघीस करायला तेलुगू काढायची आणि उरलेल्या संसाराला मराठी वापरायची. हट्टाला मात्र तिला कुठलीच भाषा लागायची नाही. तिनं खालचा ओठ आत ओढला की घरादारानं समजून घ्यायचं.

उदगीरच्या पुढं, काळ्या रानाच्या एका गावात तिची हयात गेली. तिथं तिला मान होता तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे, कांद्याचं रोप लावावं तर गौरम्मानंच. वाफ्यातून रोप उपटायचं, अंगठ्याच्या नखानं मुळांची शेपटी खुडायची, पातीचा शेंडा पिळून टाकायचा आणि बोटानं चिखलात दाबायचं. हे सगळं ती कुणाची तरी उणीदुणी काढता काढता करायची आणि तिच्या हातचं रोप मरायचं नाही.

दुसरा मान येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं, माणसं सगळी रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव म्हणून चुना फासलेले पाच दगड मांडायचे, त्यांना निवद दाखवायचा आणि मग भज्जी-आंबिलीवर तुटून पडायचं. भज्जी म्हणजे ओला हरभरा, तूर, वाल, पात, गाजर, रानात जे हिरवं असेल ते बेसनात शिजवलेलं. भावकीची पंगत थोरल्या जावेच्या खोपीपुढं बसायची, आणि थोरली गौरम्मा. "माझ्या भज्जीत बाजारचा कण न्हाई," असं ती वाढता वाढता प्रत्येकाला ऐकवायची. "गाजरसुदीक माझ्या रानाचं."

लातूर जिल्हा झाला त्याच्या आसपास पावसानं पाठ फिरवली. आम्ही उस्मानाबादेतून निघून लातुरात गेलो, म्हणजे आम्ही होतो तिथंच होतो, आमचे कागद गेले. आता जिल्हा जवळ आला, आता पाणी येणार, असं लोक बोलायचे. गौरम्माचा नवरा मलप्पा म्हणायचा, "उस्मानाबादेत होतो तवाबी आभाळ हेच होतं की."

धाकटी जाऊ शांतम्मा. तिचा पोरगा सिद्धलिंग नव्या कचेरीत शिपाई म्हणून चिकटला होता, आणि तिच्या विहिरीच्या तळाशी एक झरा अजून जिवंत होता. एवढ्या दोन गोष्टी जवळ असल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

"अक्का, यंदा येळवस माझ्या रानात करूत," ती गणपतीच्या दिवसांत म्हणाली. "तुमच्या हिरीत तर बेडूकबी राहिना. गाजरं सिद्धलिंग आणील लातूरहून. सरळसोट, लालभडक."

गौरम्माचा ओठ आत गेला. "माझ्या रानाचं गाजर न्हाई निघालं, तर पंगत तुझी. कायमची."

मलप्पाला चहाचा ठसका लागला. त्याला 'कायमची' या शब्दाची धास्ती होती. या बाईनं 'कायमचं' म्हणून जे जे ठरवलं, ते त्याला लग्नापासून पाळावं लागलं होतं.

आता विहीर कोरडी, रान भेगाळलेलं, गाजर पेरायचं कशात? त्याची सोय नव्या जिल्ह्यानं केली होती. कचेरीत टेबलं आली, पंखे आले, कागदांचे गठ्ठे आले, आणि त्यांच्यामागं उरली लाकडी खोकी. सिद्धलिंगानं ती गावात आणून वाटली. सरकारचा आमच्या गावाला पोचलेला पहिला लाभ तो. कुणी त्यात गोवऱ्या ठेवल्या, कुणी करडं कोंडली. गौरम्मानं बुडाला भोकं पाडून त्यात गाळाची माती आणि शेणखत भरलं. रानाला पाणी पाजायला मोट लागते, खोक्याला तांब्या पुरतो, असा तिचा हिशेब. खोक्यात रोप वाढवायचं आणि, गाजर रानाचं ठरायला हवं म्हणून, दिवाळीला ते विहिरीशेजारी लावायचं, कांद्यासारखं.

बी आणायला ती उदगीरच्या खाजाकडं गेली आणि फुशारकीनं बेत सांगून बसली. खाजानं पुडी बांधता बांधता मान हलवली.

"मौसी, कांदा गरीब हाय. कुठंबी उचलून बसवा, बसतंय. गाजर म्हंजे नवाबाचं पोर. एकदा बसलं की उठवायचं न्हाई त्याला."

"तू बी विकतूस का अक्कल?"

"बी विकतो. अक्कल तुमी कुठं घ्यालाव?"

ती पुडी घेऊन आली. अक्कल तिच्याकडं घरची होती.

मग मलप्पाचे हाल सुरू झाले. त्याला परातीत बसून आंघोळ करावी लागायची, साबण बंद, आणि परातीतलं पाणी थेट खोक्याला. "गौरे, मी अंग धुवायलाव का गाजर पाजायलाव?" तो ओरडायचा. "एकाच पाण्यात दोनी हुतंय," ती आतून सांगायची. बी उगवलं. 'कार्यालयीन उपयोगासाठी' असं ज्या फळीवर छापलं होतं, तिच्यावरून गाजराचा हिरवा झिरमिळ्या पाला लोंबायला लागला. बायका बघायला आल्या. शांतम्माही आली, बघून गेली आणि त्या दिवशी तिनं सुनेला उगीच झापलं.

दिवाळीला गौरम्मानं विहिरीशेजारी सरी काढली आणि रोपं काढली. एकेका रोपाखाली दोऱ्यासारखं लांब मूळ होतं. ते तिला अघळपघळ वाटलं, शिस्तीचं वाटलं नाही. अंगठ्याचं नख पुढं झालं. टिच. टिच. टिच. एकेका मुळाची शेपटी खुडून तिनं सगळी लावणी उरकली, आणि खाजाला कुठं काय कळतं, हे मलप्पाला सविस्तर सांगितलं.

मलप्पाच्या परातीतलं पाणी आता सरीला जायला लागलं, आणि रोपं जगली. पाला असा माजला की वाटेनं जाणारा थांबायचा. जमिनीच्या वर सगळं छान चाललं होतं.

येळवशीच्या सकाळी भावकी जमली. भावकीतला थोर माणूस बसलिंगप्पा, वयानं आणि पोटानंही. तो खोपीपुढं मांडी घालून बसला. शांतम्मा आली ती काखेत पिशवी घेऊन. "आसू द्या, लागली तर," ती म्हणाली. पिशवीतून लातूरच्या गाजरांची लाल टोकं दिसत होती. गौरम्मानं तिकडं न बघता पहिला पाला मुठीत धरला आणि ओढला.

वर आलं त्याला पाय होते, शेपटी खुडली होती तिथूनच फुटलेले. एकाला दोन, एकाला चार. एक तर मांडी घालून बसलेलं. सगळ्यांना दाढ्या, आणि पायांच्या बेचक्यांत काळी माती गच्च.

शांतम्मा पुढं वाकली. "अक्का, ह्ये गाजर हाय का आलं?"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. गौरम्मा म्हणाली, "रानाचं हाय का न्हाई, तेवढं बोल."

"रानाचं हाय, पर गाजर हाय का?"

सगळ्यांनी बसलिंगप्पाकडं बघितलं. बसलिंगप्पाला भूक लागली होती. त्यानं एक पाय मोडला, धोतराला पुसला आणि चावला. दातांचा करकर आवाज निघाला, तो मातीचा होता. "गाजर हाय," तो म्हणाला. "धुवा आन् टाका."

पंगत थोरलीकडंच राहिली. गौरम्मानं मान ताठ केली आणि धुवायला बसली. तिथून खरी येळवस सुरू झाली. सरळ गाजर एका हाताच्या पुसण्यानं साफ होतं. याची एक बेचकी धुवावी तर दुसरीत चिखल, आणि काळ्या रानाचा चिखल भिजला की जास्तच चिकटतो. एक घागर संपली, मग दुसरी. मलप्पाच्या परातीतून जेवढं पाणी वाचवलं होतं, तेवढं आणि वर थोडं त्या दाढ्यांत गेलं. प्यायला डोक्यावरून आणलेलं सगळं पाणी सरलं. आंबीलही पाण्यावाचून लापशीसारखी घट्ट झाली.

भज्जी मात्र झाली. शिजल्यावर पायाचं गाजर आणि बिनपायाचं गाजर यांत भेद उरला नाही. "बाजारचा कण न्हाई," गौरम्मानं वाढता वाढता प्रत्येकाला ऐकवलं. लोक पोटभर जेवले आणि पाणी मागायला लागले.

पाणी नव्हतं.

पहिल्यांदा बसलिंगप्पा उठला. "जरा पाय मोकळे करतो," म्हणाला आणि बांध ओलांडून शांतम्माच्या रानात गेला. मग बायका गेल्या, मग पोरं. तिकडं चिंचेखाली शांतम्मा आधीच जाऊन विहिरीतलं झऱ्याचं पाणी शेंदत होती, पाण्याबरोबर गाजर देत होती, सरळसोट. गेलेलं माणूस परत येईना. तिथंच पसरायचं, तिथंच घोरायचं. मलप्पा बराच वेळ बायकोशेजारी इमानदारीनं बसला. मग तोही बैल बघून येतो म्हणाला. बैल त्यांनी दसऱ्यालाच विकले होते.

खोपीपुढं गौरम्मा एकटी उरली. पाच दगड आणि ती. तिनं जिभेनं ओठ ओले करायला बघितले, जीभही कोरडीच. उन्हं कलली तेव्हा ती उठली, पदर सारखा केला आणि बांधावर गेली.

"या अक्का," शांतम्मानं भरलेला तांब्या पुढं केला. "तुमचीच वाट बघायलाव."

गौरम्मानं तांब्या एका दमात रिकामा केला. मग शांतम्मानं दिलेलं गाजर उलटसुलट बघितलं, कुठं पाय दिसतोय का ते. नव्हता. तिनं चावा घेतला, सावकाश चावलं.

"पाणचट हाय," ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या परत पुढं केला.